ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक कसं बांधायचं आणि वर्षभर हिशेब कसा धरायचा

जानेवारी जवळ आला की आमच्याकडं पंचायतीच्या कार्यालयात ग्रामसेवकाला, म्हणजे भाऊसाहेबांना, एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: "भाऊसाहेब, मागच्या वर्षीचं अंदाजपत्रक काढा, दहा टक्के वाढवा आणि पाठवून द्या." सदस्य झालो त्या पहिल्या वर्षी मीही या वाक्याला मान हलवली होती. जुलैत नळपाणी योजनेच्या मोटारीचं वीजबिल थकलं, जोड तुटला आणि बायका चार दिवस हापशावर घागरी घेऊन ताटकळल्या. अंदाजपत्रकात वीजबिलाला भरपूर तरतूद होती. खात्यात पैसा नव्हता, कारण जमेच्या बाजूला आम्ही जो आकडा लिहिला होता तो वसूल होण्यातलाच नव्हता.

पुढची चार अंदाजपत्रकं आम्ही वेगळ्या क्रमानं केली. आधी शिल्लक, मग खरी जमा, मग बंधनकारक तरतुदी, मग ठरलेला खर्च, आणि उरलं तर नवीन काम. बहुतेक गावांत हे नेमकं उलटं होतं: आधी कामांची यादी होते, तिची बेरीज होते आणि ती बेरीज जुळावी म्हणून जमा फुगवली जाते. हा लेख सोलापूर जिल्ह्यातल्या सरपंच, सदस्य, ग्रामसेवक (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि हिशेब समजून घेऊ पाहणाऱ्या गावकऱ्यांसाठी आहे. नगरपरिषद आणि महापालिकेचे कायदे वेगळे, त्यांना यातलं सगळं लागू होणार नाही.

## टप्पा १: दिवाळीनंतर दप्तर टेबलावर

अंदाजपत्रक जानेवारीत मंजूर करायचं असेल तर काम नोव्हेंबरात सुरू व्हायला हवं. पंचायत समितीकडून तारखांचं पत्र येतं, त्यातल्या शेवटच्या तारखेच्या एक महिना आधीची तारीख आपली म्हणून भिंतीवर लिहा. आणि संक्रांतीच्या आठवड्यात सभा लावू नका. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, उत्तर आणि दक्षिण सोलापुरातली निम्मी माणसं शहरात असतात.

ग्रामपंचायतीचे हिशेब महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखासंहिता २०११ प्रमाणे नमुना १ ते ३३ मध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या तक्त्यांत आणि नोंदवह्यांत, ठेवायचे असतात. सगळे एकदम काढू नका, गोंधळ होतो. अंदाजपत्रकासाठी हे पुरेत:

- नमुना ५, सामान्य रोकड वही, आणि सगळ्या बँक खात्यांची आजपर्यंत भरून आणलेली पासबुकं
- नमुना ८ (कर आकारणी) आणि नमुना ९ (कर मागणी), मागच्या तीन वर्षांचे
- नमुना ११, किरकोळ मागणी: गाळाभाडं, बाजार, जत्रेतल्या जागा
- नमुना २६, जमा-खर्चाची मासिक विवरणं, आणि नमुना ३, वर्षाचं जमा-खर्च विवरण
- नमुना १७, दिलेले अग्रिम (आगाऊ रकमा) आणि ठेवलेल्या अनामती
- नमुना ३०, लेखापरीक्षणातल्या आक्षेपांची पूर्तता
- पाणीपुरवठा आणि दिवाबत्तीची मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं

हे काम एकट्या भाऊसाहेबांवर सोडू नका. सरपंच, भाऊसाहेब, वसुली करणारा कर्मचारी, किमान एक महिला सदस्य आणि पाणी सोडणारा, एवढे लोक एका दुपारी एकत्र बसवा. पाणी सोडणाऱ्याला बोलावणं लोकांना विचित्र वाटतं. पण कोणती मोटार दर एप्रिलला जळते, कोणत्या गल्लीत व्हॉल्व्ह गळतो आणि कुठं बिननोंदीचे जोड आहेत, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

तपासा: पासबुकं आजच्या तारखेपर्यंत भरली आहेत ना? ऑगस्टपर्यंत भरलेल्या पासबुकावर डिसेंबरात बसलात तर पुढचं सगळं अंदाजपंचे होईल.

## टप्पा २: शिल्लक खरी करून घ्या

नमुना ५ मधली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक सहसा जुळत नाही. दिलेला धनादेश वटलेला नसतो, बँकेनं शुल्क कापलेलं असतं, व्याज जमा झालेलं असतं. यातलं काहीच गैर नाही, पण प्रत्येक फरकापुढं कारण लिहिता आलं पाहिजे. हाच बँक ताळमेळ.

हल्ली सगळ्यात जास्त फरक निघतो तो मोबाइलवरून भरलेल्या पैशांत. पासबुकात नुसतं १,१५० रुपये जमा दिसतात. नाव नसतं, किंवा मुलाचं नाव असतं आणि घर वडिलांच्या नावावर. पावती फाडली जात नाही, नमुना ९ वर त्या घराची थकबाकी तशीच राहते. मग नोटीस गेली की तो माणूस मोबाइल हातात धरून भांडायला येतो, आणि त्याचं बरोबर असतं. क्यूआर कोड लावलाय तर दर आठवड्याला बँकेचा उतारा काढून प्रत्येक रकमेला पावती करा. पैसे भरताना मिळकत क्रमांक लिहायची सवय गावाला लावा, कोडच्या फलकावरच तशी सूचना मोठ्या अक्षरात रंगवून घ्या.

ताळमेळ झाला की एकूण शिल्लक तीन ढिगांत वाटा:

१. ग्रामनिधीतली, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या पैशातली, मोकळी शिल्लक. खर्च ठरवण्याचा अधिकार फक्त हिच्यावर आहे.
२. वित्त आयोग आणि इतर योजनांची शिल्लक. ती त्या-त्या कामाची.
३. दुसऱ्याचे पैसे: ठेकेदाराची अनामत, बिलातून कापलेला आयकर, जीएसटी, कामगार कल्याण उपकर, गौण खनिजाची रॉयल्टी. हे भरायचे किंवा परत करायचे आहेत.

सावध: तिसरा ढीग "सुरुवातीची शिल्लक" म्हणून धरणं ही फार नेहमीची चूक. ठेकेदार दोन वर्षांनी अनामत मागायला आला की खात्यात पैसा नसतो, आणि कापलेला कर वेळेत न भरल्याचं व्याज गावाच्या डोक्यावर बसतं.

## टप्पा ३: जमा लिहा ती वसुलीवरून, मागणीवरून नाही

सगळा डोलारा या टप्प्यावर उभा असतो, म्हणून इथं एक हिशेब पूर्ण मांडतो. आकडे उदाहरणासाठी घेतलेत. तुम्ही तुमच्या नमुना ९ वरून घ्या.

समजा गावाची घरपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्य कर मिळून चालू मागणी ६,००,००० रुपये आहे आणि मागची थकबाकी ४,५०,०००. एकूण मागणी १०,५०,०००. कॉपी करून केलेल्या अंदाजपत्रकात जमेला हाच साडेदहा लाखांचा आकडा असतो. कागदावर तो चूक दिसत नाही, कारण एवढं येणं आहे हे खरंच आहे.

आता मागची तीन वर्षं बघा. चालू करापैकी वसुली ५८, ६३ आणि ६१ टक्के. थकबाकीपैकी १८ ते २२ टक्के. म्हणून धरायचं ते असं:

चालू कराच्या ६० टक्के = ३,६०,०००
थकबाकीच्या २० टक्के = ९०,०००
एकूण = ४,५०,०००

साडेदहा लाख आणि साडेचार लाख. मधले सहा लाख रुपये येणारच नाहीत, पण त्यांच्यावर गटार, कमान, मुरूम असं सगळं मंजूर होऊन बसतं. आणि हे सहा लाख पुढच्या वर्षी थकबाकी म्हणून उभे राहतात. म्हणजे साडेचारची थकबाकी एका वर्षात सहावर गेली. हा आकडा सभेत मोठ्यानं वाचून दाखवा. वसुलीच्या भाषणापेक्षा त्यानं जास्त काम होतं.

चालू आणि थकबाकीची टक्केवारी वेगवेगळी काढा, एकत्र करू नका. वीस वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईला गेलेल्या माणसाचं पडकं घर आणि यंदा बांधलेला बंगला यांची वसुली एकाच मापानं मोजता येत नाही.

वसुली वाढवायची असेल तर ती वाढ अंदाजात धरण्याआधी काय करणार ते लिहा. नमुना ९क चं मागणी बिल प्रत्येक घरी पोचलं का, त्यानंतर मागणी लेख (बिल न भरणाऱ्याला लेखी ताकीद) निघाला का, जप्तीच्या आधी लोकअदालतीत प्रकरणं ठेवणार का? आणि सगळ्यात आधी सदस्यांची घरपट्टी. मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा कर भरला नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली सदस्यत्वच जाऊ शकतं. आमच्याकडं वसुली सुरू झाली ती सदस्यांच्या पावत्या फलकावर लावल्यानंतर.

नमुना ८ सुद्धा एकदा गल्लीबोळ फिरून ताडून बघा. पत्र्याच्या घराचा स्लॅब झाला, वर मजला चढला, रस्त्याकडेला चार गाळे निघाले, पण आकारणी जुनीच राहिली. चौवार्षिक आकारणीची वाट न बघता नवीन बांधकामं नोंदवली तर दर न वाढवता मागणी वाढते. पंचायतीच्या हद्दीत कारखाना, शीतगृह, मोबाइलचा मनोरा किंवा पेट्रोल पंप असेल तर त्यांची आकारणी आधी बघा. एका अशा मिळकतीची थकबाकी कधी शंभर घरांइतकी निघते.

इतर जमा म्हणजे गाळाभाडं, बाजार फी, जत्रेच्या जागा, दाखल्यांची फी. यांचा तीन वर्षांचा सरासरी आकडा पुरतो. उदाहरणात गाळे ६०,००० आणि बाकीचं ४०,००० धरू. म्हणजे पाणीपट्टी सोडून स्वतःचं उत्पन्न झालं ५,५०,०००.

सावध: मुद्रांक शुल्क आणि जमीन महसुलाचं अनुदान नियमित तारखेला येत नाही. मागच्या तीन वर्षांतली सगळ्यात कमी रक्कम धरा, आणि तिच्यावर पगार किंवा वीजबिल टाकू नका.

## टप्पा ४: बंधनकारक तरतुदी बाजूला काढा

स्वतःच्या उत्पन्नातून हे आधी काढायचं:

- मागासवर्गीयांसाठी १५ टक्के: ८२,५००
- महिला व बालकल्याण १० टक्के: ५५,०००
- दिव्यांग कल्याण ५ टक्के: २७,५००
- जिल्हा ग्रामविकास निधीची वर्गणी ०.२५ टक्के: १,३७५

बेरीज १,६६,३७५. साडेपाच लाखांतून हे गेले की राहिले ३,८३,६२५.

या तरतुदी कागदावर सगळेच करतात. चूक खर्चात होते. वर्षभर कुणी बघत नाही, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईनं खुर्च्या आणि भांडी खरेदी होतात, किंवा काहीच होत नाही. न झालेला खर्च माफ होत नाही. तो अनुशेष म्हणून पुढच्या वर्षीच्या तरतुदीत मिळवावा लागतो आणि लेखापरीक्षणात आक्षेप येतो. नमुना २८ मध्ये मागासवर्गीय आणि महिला-बालकल्याणाच्या खर्चाचं दरमहा विवरण ठेवायला सांगितलंय ते यासाठीच. दिव्यांगांची यादी डिसेंबरातच अद्ययावत करा. यादी नाही म्हणून पैसा पडून राहिला, असं व्हायला नको.

कर्मचाऱ्यांवरचा खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो. ५,५०,००० वर ही मर्यादा १,९२,५०० येते. जमा फुगवली की ही मर्यादाही कागदावर फुगते, जास्तीची माणसं भरली जातात आणि मग पगार सहा-सहा महिने थकतात. ज्याच्या घरात चूल त्या पगारावर पेटते त्याचा यात काही दोष नसतो.

## टप्पा ५: ठरलेला खर्च, महिन्यावारी

आता पाणी. पाणीपट्टी आणि पाण्यावरचा खर्च स्वतंत्र कागदावर मांडा, घरपट्टीत मिसळू नका.

४०० नळजोड, वर्षाला १,२०० रुपये, मागणी ४,८०,०००. वसुली निम्मी, म्हणजे २,४०,०००.
खर्च: वीजबिल महिना २२,००० प्रमाणे २,६४,०००, पाणी सोडणारा महिना ८,००० प्रमाणे ९६,०००, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि दुरुस्ती ४०,०००. एकूण ४,००,०००.
तूट १,६०,०००.

ही तूट घरपट्टीतून भरली जाते आणि ती कुठंच लिहिलेली नसते. म्हणून गावाला वाटतं, पैसा जातो कुठं? टप्पा ४ मधल्या ३,८३,६२५ मधून तूट वजा केली की २,२३,६२५ राहतात. शिपायाचा पगार ९६,००० गेला, राहिले १,२७,६२५. (पाणी सोडणारा आणि शिपाई मिळून १,९२,०००, म्हणजे ३५ टक्क्यांच्या मर्यादेत जेमतेम.) दिवाबत्तीचं बिल महिना ५,००० प्रमाणे ६०,०००. शेवटी हातात उरले ६७,६२५ रुपये. एवढ्यात वर्षभराची स्टेशनरी, गटारसफाई, बल्ब, सभेचा खर्च.

गावाला हा कागद दाखवा. पाण्याची वसुली ८४ टक्क्यांवर गेली की तूट संपते, हेही त्याच कागदावर लिहा. "पाणीपट्टी भरा" म्हणण्यापेक्षा "तुम्ही भरत नाही म्हणून गटार निघत नाही" हे लोकांना पटतं, कारण आकडा समोर असतो.

पुढची पायरी बहुतेक अंदाजपत्रकांत नसतेच: खर्च आणि वसुली बारा महिन्यांत वाटणं. आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या हातात पैसा ठरावीक वेळी येतो. गाळप हंगाम सुरू झाला की उसाचं बिल, फेब्रुवारी-मार्चात ज्वारीची काढणी, सांगोल्याकडं डाळिंबाची तोड. घरपट्टीची वसुली म्हणून शेवटच्या तिमाहीत जोर धरते. एप्रिल ते जुलै हात आखडलेले: लग्नसराई, मग शाळा, मग पेरणी. आणि पंचायतीचा खर्च मात्र नेमका तेव्हाच वाढतो. बोअर आटतात, मोटारी जास्त तास चालतात, जळतात, टँकरच्या फेऱ्यांची व्यवस्था बघावी लागते.

पालखी मार्गावरच्या वेळापूर, भंडीशेगाव, वाखरीसारख्या गावांना यात आषाढीचीही भर: पाणी, शौचालयं, मुरूम, दिवे, सफाई. वारीसाठी अनुदान येतं, पण पालखी यायच्या आधी ते खात्यात असेल असं धरून चालू नका.

म्हणून ३१ मार्चला पाणीपुरवठ्याच्या खात्यात किमान तीन महिन्यांच्या वीजबिलाएवढी रक्कम, वरच्या उदाहरणात ६६,०००, हलवायची नाही असा ठराव करा. आमची जोडणी तुटली होती ती याच तीन महिन्यांतल्या बिलांपायी.

तपासा: बारा महिन्यांच्या तक्त्यात कोणत्याही महिन्याच्या शेवटी शिल्लक उणे येतेय का? वर्षाची बेरीज जुळली तरी जून उणे असेल तर जूनमध्ये काहीतरी थकणारच. तो खर्च पुढं ढकला किंवा वसुली अलीकडं ओढा.

## टप्पा ६: आता नवीन कामं

स्वनिधीत जे उरलंय त्यात मोठं काम बसत नाही हे आता दिसलंच असेल. मोठी कामं येतात ती वित्त आयोग आणि इतर योजनांतून, आणि त्यासाठी काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावं लागतं. "आमचा गाव, आमचा विकास" खालचा हा आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवलेला नसेल, किंवा त्यात ते काम नसेल, तर पैसा खात्यात असूनही देयक निघत नाही. अंदाजपत्रक आणि आराखडा हे दोन कागद शेजारी ठेवून कामांची नावं अक्षर-अक्षर जुळवा.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के बंधित (ठरलेल्या कामांपुरता) आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी होती. बंधितातला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. अबंधितातून पगार आणि कार्यालयीन आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. त्या आयोगाचा कालावधी २०२५-२६ पर्यंतचाच. २०२६-२७ पासूनचं अंदाजपत्रक करताना जुनं प्रमाण डोळे झाकून उतरवू नका, नव्या मार्गदर्शक सूचनांचं पत्र फाइलला लावून त्यातलेच आकडे घ्या.

सावध: येणाऱ्या निधीचा आकडा ऐकीव नको. "आमदार साहेब वीस लाख देतो म्हणालेत" हे जमेच्या बाजूला लिहायचं नसतं. मंजुरीचा आदेश हातात येईपर्यंत ते काम स्वतंत्र यादीत ठेवा.

सावध: सरपंच आणि भाऊसाहेबांच्या डिजिटल सहीची मुदत बघून ठेवा. मार्चमध्ये ती संपली तर सगळी देयकं अडकतात.

## टप्पा ७: मंजुरी

नमुना १ (अंदाजपत्रकाचा तक्ता) भरा, मासिक सभेत ठेवा, ग्रामसभेपुढं वाचा, पंचायत समितीकडं वेळेत पाठवा. क्रम सोपा आहे. घोटाळा होतो तो सभेत.

सभेच्या नोटिशीसोबत अंदाजपत्रकाची प्रत प्रत्येक सदस्याला द्या. ऐनवेळी वही फिरवून सह्या घेणं बंद करा. ग्रामसभेची गणपूर्ती (किमान हजेरी) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जे कमी असेल ते. त्याआधी महिलांची सभा घ्यायची असते, आणि ती खरोखर घ्या. आमच्याकडं पाणी सोडायची वेळ आणि दुरुस्तीची तरतूद दोन्ही महिलांच्या सभेत बदलली, पुरुषांपैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

ग्रामसभेत नमुना १ जसाच्या तसा वाचला तर दहा मिनिटांत माणसं उठून जातात. त्याऐवजी टप्पा ३ आणि ५ मधले दोन छोटे हिशेब फळ्यावर खडूनं लिहा. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरच्या कन्नड बोलणाऱ्या गावांत ते कन्नडमध्येही समजावून सांगा.

ठरावात रक्कम, लेखाशीर्ष (कोणत्या बाबीखालचा खर्च), सूचक आणि अनुमोदक यांची नावं, विरोध झाला असेल तर तोही लिहा.

## टप्पा ८: दर महिन्याचा अर्धा तास

अंदाजपत्रक मंजूर झालं की ते कपाटात जातं आणि पुढच्या जानेवारीत निघतं. हे थांबवायचं तर मासिक सभेचा पहिला अर्धा तास हिशेबाला द्या. विषय एवढेच:

१. नमुना ५ ची शिल्लक आणि पासबुक. फरक किती, कारण काय.
२. नमुना २६: या महिन्याची जमा आणि खर्च, वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज, आणि शेजारी बारा महिन्यांच्या तक्त्यातला अपेक्षित आकडा.
३. पावतीपुस्तकं: किती वापरात, कोणाकडं, शेवटचा क्रमांक काय. अर्धवट पुस्तक घरी ठेवलेलं नको.
४. प्रत्येक देयक: बिल, ठराव क्रमांक, कामाचं असेल तर मोजमाप पुस्तिकेतली नोंद, आणि नमुना १२ चं प्रमाणक (व्हाउचर). चारपैकी एक नसेल तर देयक पुढच्या सभेला.
५. नमुना १७: कुणाकडं अग्रिम थकलाय.

गोळा झालेला पैसा आधी बँकेत भरायचा, मग खर्च. वसुलीच्या रोख रकमेतून परस्पर डिझेल, परस्पर वायरमन, हे "नंतर लिहू" म्हणून सुरू होतं आणि कधीच लिहिलं जात नाही.

सावध: "झालेला व होणारा खर्च सर्वानुमते मंजूर" हा ठराव कितीतरी इतिवृत्तांत सापडतो. त्यावर सही करू नका. होणारा खर्च किती, कशावर, हे माहीत नसताना दिलेली मंजुरी उद्या तुमच्या अंगावर येते. नवीन सदस्यांनी हे एक वाक्य पहिल्या सभेपासून अडवलं तरी बरंच काही जागेवर येतं.

एका लेखाशीर्षातला पैसा दुसऱ्याला वापरायची वेळ येतेच. मोटार जळली तर थांबता येत नाही. पण त्यासाठी नमुना २ आहे: आधी पुनर्विनियोजनाचा ठराव, मग खर्च. उलटं केलं की खर्च योग्य असूनही आक्षेप येतो. ऑक्टोबरात सहा महिन्यांची जमा बघून सुधारित अंदाज तयार करा. वसुली तक्त्याच्या मागं असेल तर काम तेव्हाच कमी करा, मार्चमध्ये उशीर झालेला असतो.

## टप्पा ९: मार्च अखेर, लेखापरीक्षण आणि चार्ज

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नवीन खरेदी काढू नका. तो आठवडा ताळमेळ, राहिलेल्या पावत्या, कापलेल्या कराचा भरणा आणि अग्रिम मिटवण्यासाठी ठेवा. ३१ मार्चची रोकड सरपंचांनी स्वतः मोजून नमुना ५ वर सही करावी. नंतर नमुना ३ आणि नमुना ४ (मत्ता व दायित्वं) पूर्ण करा. नमुना ४ कडं सगळे दुर्लक्ष करतात, पण देणी लिहायची जागा तीच. थकलेली वीजबिलं, ठेकेदाराची अनामत, राहिलेले पगार आणि १५-१०-५ चा अनुशेष तिथं दिसला नाही तर पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक पुन्हा खोट्या शिल्लकेवर उभं राहील. वर्षाचे लेखे ऑनलाइन चढवून लेखापरीक्षण पूर्ण होणं याचा संबंध वित्त आयोगाच्या पुढच्या निधीशीही असतो.

लेखापरीक्षणात आक्षेप आला की घाबरून फाइल बाजूला ठेवू नका. नमुना ३० मध्ये आक्षेप, पुरावा आणि पूर्ततेची तारीख लिहून दर महिन्याच्या सभेत एक-एक मिटवा. बहुतेक आक्षेप प्रमाणक नाही, ठराव नाही, साठा नोंदवहीत नोंद नाही असेच असतात. कागद शोधला की मिटतात, पण पहिल्या वर्षातच. पाच वर्षांनी दुकानदारही जागेवर नसतो.

भाऊसाहेबांची बदली झाली तर चार्ज यादी सरपंचांच्या समोर करा: प्रत्येक नमुना कोणत्या तारखेपर्यंत लिहिलेला, पासबुकं आणि धनादेश पुस्तकं किती, कोरी आणि अर्धी वापरलेली पावतीपुस्तकं क्रमांकासह, डिजिटल सहीचं टोकन, पोर्टलचे पासवर्ड, नमुना १७ मधली थकीत नावं. यादीवर जाणाऱ्याची, येणाऱ्याची आणि सरपंचांची सही, एक प्रत पंचायत समितीला. नमुना ५ ज्या दिवसापर्यंत लिहिलाय त्याच्या खाली रेघ मारून, शिल्लक अंकात आणि अक्षरात लिहून, मगच किल्ल्या द्या.